जुनी निकॉर लेन्स आणि डी५६००: मीटरविना एक्स्पोजर कसे ठरवावे?

साळकाठ:
मामांची एआय (निकॉनच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या लेन्सचा एक प्रकार) निकॉर ५० मिमी एफ/१.८ लेन्स नुकतीच माझ्याकडे आली असून मी ती निकॉन डी५६०० ला जोडली आहे. मॅन्युअल सोडून अन्य मोडमध्ये शटर पडतच नाही आणि मॅन्युअलमध्ये मीटर (प्रकाश मोजणारी कॅमेऱ्यातील सोय) काही दाखवत नाही. मडगावातील एका दुकानदाराने लेन्स निकामी ठरवली. परंतु तिची पाती (प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी) तर सुरळीत मिटतात. मग बिघाड कोठे आहे, आणि पणजीच्या पांढऱ्या चर्चचे छायाचित्र घ्यायचे झाल्यास आकडे कशाच्या आधारे लावावेत?

खटका:
बिघाड कोठेच नाही. १९७७ साली आलेल्या एआय पद्धतीत अॅपर्चर रिंगची (छिद्राचा एफ-आकडा लावण्याच्या कड्याची) कड माउंटभोवतीच्या एका छोट्या खटक्याला ढकलते आणि त्यावरून लावलेला आकडा कॅमेऱ्याला समजतो. आपल्या कॅमेऱ्यावर हा खटका नाही आणि लेन्समध्ये चिप नाही, म्हणून मीटर गप्प राहतो. शटर पडताना पाती मात्र रिंगवरील आकड्यापर्यंतच मिटतात. डी७२०० वर खटका आहे, पण नंतरच्या डी७५०० वर निकॉनने तो काढून टाकला (हे मला आजही पटलेले नाही), तेव्हा जुना कॅमेरा घेताना मॉडेल नीट पाहावे.

चिऱ्याची भिंत:
चर्चपुरते बोलायचे तर मीटर नसणे ही मला सोयच वाटते. मीटर वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो आणि समोरचे सर्व काही मध्यम करडे आहे असे धरून चालतो. त्यामुळे पांढरे चर्च तो काळवंडून टाकतो, तर जुन्या गोव्यातील बॉ जेझूस बासिलिकाच्या गिलावा नसलेल्या गडद चिऱ्याच्या भिंती नको तितक्या उजळ करतो. वस्तुतः दोन्हींवर पडणारे ऊन एकच असते. निरभ्र दुपारी, ऊन दर्शनी भागावर थेट पडलेले असताना, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद, म्हणजेच एफ/८ आणि १/४००, हे आकडे दोन्हीकडे चालतात. चर्चसाठी शटर १/५०० करावा, म्हणजे चुन्यासारख्या शुभ्र भागातील तपशील उडणार नाही. दाट ढगांत या आकड्यांपेक्षा सुमारे तीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), तर बाल्कांवाच्या (गोव्यातील घरापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या) सावलीत चार स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. तिन्हीसांजेला हा हिशेब सोडून द्यावा आणि एक चाचणी फोटो घेऊन हिस्टोग्राम (फोटोतील उजेड-अंधाराचा आलेख) पाहावा.

साळकाठ:
आपणा दोघांचे आभार. रविवारी एफ/८ आणि १/५०० वर चर्चच्या पायऱ्यांचे कठडेही स्पष्ट आले. मात्र एफ/१.८ वर घेतलेल्या जवळच्या फोटोंपैकी निम्म्यांत फोकस चुकला आहे.

खटका:
व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला फोकस जुळल्यावर उमटणारा ठिपका या लेन्सवरही काम करतो. तो स्थिर झाल्यावरच शटर दाबावे, आणि एफ/१.८ ऐवजी एफ/२.८ लावून पाहावे.