मदत हवी आहे: अमेरिकन लष्कराचं हेल्मेट खरं की नकली? उद्या दुपारपर्यंत सांगा

नितीन_कॅरी
नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलायनात असतो. आज फेएटव्हिलला एका गराज सेलमध्ये लष्करी हेल्मेट दिसलं. विकणाऱ्या बाई ९० डॉलर म्हणतात. त्यांच्या वडिलांनी व्हिएतनाममध्ये घातलेलं, असं सांगितलं. वर वाळवंटी रंगाचं कापड आहे. साताऱ्याचे मामा फौजेत होते, त्यांना द्यायचं मनात आहे. उद्या बारापर्यंत बाई ठेवून घेणार आहेत. घेऊ का? प्लीज लवकर सांगा, नंतर उत्तर येऊन उपयोग नाही.

चोरबाजार_फेरी
फोटो? वजन? आत पट्ट्यांची जाळी आहे की पॅड? पुढे कपाळावर कड आहे का? लेबल वाचलंत? यातलं काहीच नाही, मग सांगणार काय?
एक मात्र आत्ताच सांगतो. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकाच्या डोक्यावर एम-१ असायचं, पोलादाचं, आत वेगळी टोपी बसवलेलं. बोटाच्या गाठीने वाजवून बघा. धातूसारखं खणखणलं तर एम-१. नाही खणखणलं तर बहुतेक केव्हलार या चिवट धाग्याचं, म्हणजे पीएएसजीटी (एम-१ नंतरचं अमेरिकन लष्कराचं हेल्मेट) किंवा त्यानंतरचं, आणि मग व्हिएतनाम विसरा. पीएएसजीटी पहिल्यांदा लढाईत दिसलं ते १९८३ साली ग्रेनाडात.

माजी_सुभेदार
मामा कुठल्या पलटणीत होते? मी राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मिरात होतो. आम्हाला बुलेटप्रूफ पटका असायचा. कपाळ आणि मागची बाजू झाकायचा, टाळू उघडीच. वजन अडीच किलोच्या वर. आठ तास गस्त घालून उतरवला की मान वळायची नाही. पुढे कानपूरच्या एमकेयू कंपनीला १ लाख ५८ हजार हेल्मेटांचं काम मिळाल्याचं २०१७ मध्ये वाचलं, तेव्हा पोरांसाठी फार बरं वाटलं.

स्वप्नील_१७
केव्हलार असेल तर डोळे झाकून घ्या. बुलेटप्रूफ हेल्मेट ९० डॉलरला कुठे मिळतं? बाइकवर पण वापरता येईल.

चोरबाजार_फेरी
स्वप्नील, बाइकवर मुळीच नाही. हे हेल्मेट उडणारे तुकडे अडवायला केलेलं आहे, रस्त्यावरची आपट सोसायला नाही. पीएएसजीटीच्या आत जाळी असते, तिच्यात धक्का जिरत नाही. त्याची कसोटी होती १७ ग्रेनच्या (जेमतेम एक ग्रॅमच्या) तुकड्याची, सेकंदाला २,००० फूट वेगाने. रायफलची गोळी अडवण्याचा दावाच नव्हता. "बुलेटप्रूफ" म्हणून विकणाऱ्यांनी बाजार नासवलाय.

मेधा_लीड्स
नितीनभाऊ, मी ब्रिटिश हेल्मेटं जमवते. ९० डॉलर घालण्यापेक्षा मार्क ६ घ्या, नायलॉनचं, १९८० च्या दशकातलं. इथे सरप्लसच्या, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानात स्वस्तात मिळतं आणि नकला कमी. पीएएसजीटीचा आकार कितीतरी देशांनी उचलला, शिवाय एअरसॉफ्टवाल्यांचं (खेळण्यातल्या बंदुकांनी लढाई खेळणाऱ्यांचं) प्लॅस्टिकही बाजारात आहे. नवख्या माणसाने त्यात पडू नये.

चोरबाजार_फेरी
मेधाताई, त्यांनी मार्क ६ विचारलेलंच नाही. आणि प्लॅस्टिक ओळखायला वजनकाटा पुरतो. खरं पीएएसजीटी आकाराप्रमाणे साधारण १.४ ते १.९ किलो भरतं, प्लॅस्टिक त्याच्या निम्म्याने.

मेधा_लीड्स
वजनाने प्लॅस्टिक कळेल, दुसऱ्या देशाचं केव्हलार कळणार नाही. लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं तरी माझं ऐका.

नितीन_कॅरी
फोटो चढत नाहीयेत, साइझ मोठी आहे म्हणतंय. मोटेलवर आहे, सकाळी परत जातो. लेबल असतं कुठे? आणि कापडावर काळे-पांढरे खडे काढल्यासारखी नक्षी आहे, ती मला नकली वाटली.

चोरबाजार_फेरी
अहो, हे आधी सांगायचं ना! ती सहा रंगांची वाळवंटी नक्षी, तिला चॉकलेट चिप म्हणतात. १९९१ च्या आखाती युद्धातली. पुढे तीन रंगांची आली. पण कव्हर बदलता येतं, त्यावरून हेल्मेटचं वय ठरवू नका.
लेबल आतल्या बाजूला, बहुधा मागे. हेल्मेटचा साठा क्रमांक ८४७० ने सुरू होतो, कापडी कव्हरचा ८४१५ ने. पुढचे दोन आकडे ०१ असले तर अमेरिकन. कंत्राटाचा क्रमांक डीएलए१०० असा असेल, तर त्यापुढचे दोन आकडे आर्थिक वर्षाचे.

स्वप्नील_१७
आत पॅड निघाले तर एसीएच, म्हणजे पीएएसजीटीच्या नंतरचं हेल्मेट असेल, ते जास्त भारी.

चोरबाजार_फेरी
जुन्या पीएएसजीटीतही लोकांनी मागाहून पॅड बसवलेत. कड बघा. पीएएसजीटीला पुढे बारीक कड असते, एसीएचला नसते आणि ते कानाशी थोडं वर कापलेलं असतं.

नितीन_कॅरी
आत्ताच तिथून आलो. वाजवलं तर धातूसारखं खणखणलं नाही. पुढे कड आहे. कव्हरसकट भाजीच्या काट्यावर १ किलो ६५०. लेबल अर्धं उडालंय, पण ८४७०-०१ वाचता येतं, आणि डीएलए१००-८७. आत जाळी, घामाने काळी पडलेली चामड्याची पट्टी. पण मागे मानेशी जाड फोमचा तुकडा आणि जास्तीचा पट्टा आहे. हा कोणी घरी जोडलाय का? त्यामुळे किंमत पडते का? अजून पैसे दिलेले नाहीत.

चोरबाजार_फेरी
घ्या! तो फोम घरचा नाही. पॅराशूटवाल्यांसाठीचा आहे, उडी मारताना हेल्मेट मानेवर आपटू नये आणि निसटू नये म्हणून. फेएटव्हिलला लागूनच ८२ व्या एअरबोर्नचा, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या पॅराशूट डिव्हिजनचा तळ आहे, म्हणजे सगळं जुळतं. फोम काढू नका, जुना फोम बोटाने दाबला तरी भुगा होतो.

माजी_सुभेदार
वरून हिरवा रंग मारून घ्या, मामांना नव्यासारखं दिसेल.

मेधा_लीड्स
काका, कृपा करून रंग नको! मूळ रंग, खरचटे, आतली शाई, यासाठीच माणूस हे जमवतो. नव्या रंगाखाली भेग असली तर दिसतही नाही.

माजी_सुभेदार
ताई, आम्ही फौजेत दरवर्षी रंगवायचो. वस्तू नीट ठेवणं म्हणजे तिचा मान राखणं, असं आम्हाला शिकवलंय.

मेधा_लीड्स
तुमच्या स्वतःच्या हेल्मेटचं तुम्ही जे कराल ते योग्यच, काका. हे दुसऱ्या कोणाचं तरी आहे.

नितीन_कॅरी
घेतलं, ७० ला. बाईंना १९८७ चं सांगितलं तर त्या आधी मानेनात. मग म्हणाल्या, थोरल्या भावाचं असेल, तो ८२ व्या एअरबोर्नमध्ये होता आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये सौदीला गेला होता. कव्हरभोवती हिरवी इलॅस्टिकची पट्टी होती, मागे अंधारात चमकणारे दोन चौकोन शिवलेले. त्यावर शाईने आडनाव आणि रक्तगट. बाईंनी ती ओढून काढली, बोटाला गुंडाळली, म्हणाल्या हेल्मेट न्या, ही राहू दे.
आता दोन प्रश्न. तशी पट्टी दुसरी कुठे मिळेल? आणि डिसेंबरमध्ये भारतात येताना बॅगेत टाकून आणू ना?

मेधा_लीड्स
थांबा! लष्करी हेल्मेट अमेरिकेच्या निर्यात नियमांत येतं, मग जुनं असो की गराज सेलचं. तिथल्या वाणिज्य खात्याकडे आणि भारतातल्या कस्टम्सकडे लेखी विचारा, मगच बॅगेत टाकायचा विचार करा. मामांना तोवर फोटो पाठवा.

चोरबाजार_फेरी
पट्टी कॅट आइज म्हणून शोधा, सरप्लसमध्ये दोन-चार डॉलरला नवी मिळते. पण मी असतो तर लावली नसती. कव्हरवर पट्टीखालचं कापड कमी विटलेलं असेल, तो पट्टा तसाच दिसू दे.

माजी_सुभेदार
पलटण अजून सांगितली नाहीत. मामा आपशिंग्याचे, त्या साताऱ्याजवळच्या फौजींच्या गावचे तर नाहीत?

नितीन_कॅरी
हो काका, आपशिंगे मिलिटरीचेच! मराठा लाइट इन्फंट्री. व्यनि (खासगी निरोप) करतो.