मदत हवी आहे: तलावाच्या उपकरणांच्या कमी दाबाच्या (व्होल्टेजच्या) तारा आणि पंपाची केबल जमिनीखाली एकाच पाइपातून न्यावी का?

घरामागच्या लहान पोहण्याच्या तलावाची उपकरणे आणि घराच्या भिंतीवरची नियंत्रण पेटी यांच्यात सुमारे ३० मीटर अंतर आहे. या अंतरात जमिनीखाली असलेली जुनी तारजोडणी काढून पूर्णपणे नवी करायची आहे. ६० सेंटीमीटर खोल चर खणून तयार आहे, मात्र काही शंकांचे निरसन झाल्याशिवाय तो बुजवण्याची माझी तयारी नाही.

जुनी जोडणी का बिघडली, हे आधी सांगतो, कारण माझ्या सगळ्या शंका तिथूनच निघाल्या आहेत. पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर पाऊस पडल्यावर खरे तापमान २४ अंश असताना ३० ते ३१ अंश दाखवत असे, आणि त्यामुळे पाणी तापवणारा हीटर सुरूच होत नसे. सेन्सर दोनदा बदलूनही फरक पडला नाही. अखेर जमीन उकरली तेव्हा मधोमध केवळ चिकटपट्टी गुंडाळून केलेला एक जोड सापडला. जोडाच्या दोन्ही बाजूंना हातभर लांबीपर्यंत तांबे काळे पडले होते, म्हणजे पाणी जोडातून शिरून आवरणाच्या आतून पुढे सरकत गेले होते. हा सेन्सर म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम रोध (विजेला होणारा विरोध) असणारा थर्मिस्टर आहे आणि तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. ओल्या जोडातून दोन तारांमध्ये थोडी जरी गळती झाली, तरी पेटीला एकूण रोध कमी भासतो आणि ती पाणी गरम असल्याचे समजते. एवढा साधा कार्यकारणभाव लक्षात यायला मला दोन पावसाळे लागले, याचे वाईट वाटते.

आता न्यायच्या तारा अशा: २४ व्होल्टवर चालणाऱ्या दोन व्हॉल्व्ह अ‍ॅक्च्युएटरसाठी (व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरसाठी) प्रत्येकी तीन तारा, दोन तापमान सेन्सर, वेग बदलणाऱ्या पंपाला आज्ञा देणारी आरएस-४८५ संदेशवाहिनी (उपकरणांमध्ये तारेवरून संदेश पाठवण्याची एक प्रमाणित पद्धत) आणि १२ व्होल्टचा ५० वॅटचा एक दिवा. याखेरीज पंपाची मुख्य पुरवठ्याची केबल त्याच चरातून जाणार आहे. काम करणाऱ्या वायरमननी सर्व तारा ५० मिलिमीटरच्या एकाच पीव्हीसी पाइपातून न्याव्यात आणि कमी दाबाच्या सर्व कामांसाठी संगणक जाळ्याची केबल वापरावी, असे सुचवले आहे. पाइप बंद असल्यामुळे आत पाणी येणार नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. एकच पाइप सुरक्षित आहे का? संगणक जाळ्याची केबल अ‍ॅक्च्युएटरला पुरेल का? आणि दिव्याचा ट्रान्सफॉर्मर घराजवळ ठेवावा की तलावाजवळ?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. सर्व तारांचे इन्सुलेशन त्यांच्यातील सर्वांत जास्त व्होल्टेज सोसणारे असेल, तर काही परिस्थितींत नियम एकत्र नेण्याची सवलत देतात. परंतु आपल्या सेन्सरच्या आणि संदेशाच्या तारा तशा नसणार. पाइपाचे जोड कितीही नीट चिकटवले, तरी आतल्या हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचतेच, म्हणून जमिनीखालचा पाइप ओलाच असतो असे धरून चालावे. अशा ओल्या पाइपात मुख्य केबलला इजा झाली, तर तिचा दाब कमी दाबाच्या तारांवर येईल आणि ओल्या हातांनी ज्या कळा दाबल्या जातात तिथपर्यंत पोहोचेल. संदेशांत येणारा व्यत्यय हा त्यापुढे दुय्यम मुद्दा आहे. दोन वेगळे पाइप घाला, त्यांच्यामध्ये ३० सेंटीमीटर माती राहू द्या आणि केबल पाण्यात राहू शकेल अशाच प्रकारची घ्या. चर बुजवताना पाइपांच्या वरच्या थरात धोक्याची पट्टी (खाली वीजवाहिनी असल्याचा इशारा देणारी) अंथरा.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे गणित करू. संगणक जाळ्याच्या केबलमधील एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ९.४ ओहम असतो, म्हणजे ३० मीटर जाऊन परत येताना ५.६ ओहम. अ‍ॅक्च्युएटर ०.७५ अँपिअर घेत असेल, तर वाटेतच ४.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकू शकतो. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत हीच घट ०.८ व्होल्ट होते. संदेशवाहिनीसाठी मात्र पीळ दिलेली जोडी असलेली, बाहेर वापरण्याजोगी केबल उत्तम.

ट्रान्सफॉर्मर घराजवळ ठेवल्यास २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतही दिव्यापर्यंत पावणेदोन व्होल्ट कमी होतील, आणि १२ मधून तेवढे गेले की प्रकाश मंद पडतो. तो पंपाजवळ ठेवा, पण आंतरराष्ट्रीय मानकानुसार तलावाच्या कडेपासून पहिले २ मीटर आणि त्यापुढचे १.५ मीटर हे विशेष क्षेत्र धरले जाते, त्याच्या बाहेर. ट्रान्सफॉर्मर तलावासाठीचा, दोन्ही वेटोळी (मुख्य पुरवठ्याचे आणि १२ व्होल्टचे) एकमेकांपासून पूर्णपणे विलग असणाराच हवा आणि त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूची कोणतीही तार अर्थिंगला जोडू नये. जमिनीखाली एकही जोड ठेवू नका, हे मी वेगळे सांगायला नको.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. दुसरा पाइप आणि तिसरा रिकामा राखीव पाइप, असे दोन्ही आणण्यास आजच सांगितले. पंपघरापासून तलावाची कड ४ मीटरवर आहे, हे मोजून पाहिले, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न सुटला. एकच शंका उरली आहे: चराला वाटेत दोन काटकोनी वळणे आहेत आणि पाइपाच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक वळण येते. एकंदर ३६० अंशांची ही वळणे एका दमात केबल ओढण्यास जड जातील, असे वाटते. मध्ये एक ओढपेटी (जिथून केबल धरून पुढे ओढता येते अशी पेटी) ठेवली, तर तिच्यात तारा न तोडता अखंड पुढे नेता येतील का, आणि ती पेटी जमिनीच्या पातळीवर ठेवावी की थोडी वर?