पद्मिनीला जिप्सीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवालं) इंजिन: पेट्रोलची लाइन कशी टाकावी?

कुर्ल्याची_राणी

नमस्कार मंडळी. घरची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ १०८९ सीसीचं इंजिन पार थकलं, म्हणून जिप्सीचं जी१३बीबी (१२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह) गिअरबॉक्ससकट उचललं. एस्टीमचं स्वस्तात मिळत होतं, पण ते आडवं बसतं. पद्मिनीला उभं लागतं.

माउंटिंग झालं, प्रॉपेलर शाफ्ट झाला, अडलंय पेट्रोलपाशी. गॅरेजवाले म्हणतात, "जुनीच लाइन ठेवू, बॉनेटखाली इलेक्ट्रिक पंप मारू, काम खल्लास." मला काही पटत नाही. पंप टाकीत की बाहेर? रिटर्न (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइन) लागतोच का? नळी कुठली घ्यावी? गाडी पुणे-सातारा फिरणार, म्हणजे खंबाटकी आलाच.

पान्हा_१०_१२

नाही पटलं तेच बरं. कार्ब्युरेटरला पाव किलो प्रेशर पुष्कळ होतं. या इंजिनच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) तीन किलोच्या आसपास लागतं. जुनी लाइन आणि तिचे रबरी जोड त्यासाठी केलेलेच नाहीत.

दुसरं म्हणजे इंजेक्शनचा पंप ढकलतो चांगला, ओढताना मार खातो. बॉनेटखाली लावलात तर टाकीपासून पुढपर्यंत पेट्रोल ओढत बसेल, मे महिन्यात वाटेतच वाफ धरेल आणि पंप कोरडा फिरून जळेल. बाहेर लावायचाच तर टाकीला चिकटून, तळाच्या पातळीला किंवा त्याखाली. पंपाआधी जाड जाळी, पंपानंतर इंजेक्शनचा बारीक धातूचा फिल्टर. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावू देऊ नका. तो तुंबला की पंपच उपाशी राहतो.

रिटर्नचं: रेलच्या टोकाला बारीक व्हॅक्यूम नळी आलेली गोल डबी दिसते का बघा. तो रेग्युलेटर. असेल तर रिटर्न टाकीपर्यंत न्यावाच लागेल. जाणारी लाइन ८ मिमी, येणारी ६ मिमी चालते, मी दोन्ही ८च्या टाकतो.

घाटवेडा

+१. पण राव, पद्मिनीच्या टाकीत आडवे पडदे नसतील तर काय होतं ते ऐका. टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पिकअप (टाकीतलं पेट्रोल ओढणारं नळीचं टोक) उघडा पडतो. कार्ब्युरेटरवर कळायचं नाही, कारण फ्लोटच्या वाटीत साठा असायचा. इंजेक्शनला असा साठाच नाही. पंपाने हवा ओढली की गाडी तिथेच झटका देते.

उपाय सर्ज टँक. एक-दीड लिटरचा उभा डबा. टाकीतून साधा कमी प्रेशरचा पंप तो भरत राहतो, तळातून मोठा पंप रेलला देतो, रेलचा रिटर्न डब्यातच येतो आणि वर उरलेलं टाकीत परत जातं. डबा डिकीत ठेवणार असाल तर बंदिस्त पेटीत ठेवा आणि पेटीची हवा गाडीबाहेर काढा. वास आत आला तर घरचे गाडीत बसणार नाहीत.

टाकी_तज्ज्ञ

घाटवेडा, दोन पंप, एक डबा आणि डझनभर जोड? एवढे जोड म्हणजे गळायच्या तेवढ्याच जागा. रोजच्या गाडीला माझं मत सरळ आहे: टाकीला वरून रिंग बसवा, मारुतीचंच पंप मॉड्यूल आत सोडा. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, आवाज येत नाही, मॉड्यूलला स्वतःची वाटी असते, त्यामुळे वळणावरही तग धरतो. फक्त टाकीची खोली आणि मॉड्यूलची उंची आधी मोजा. नाहीच बसलं तर मग घाटवेडांचा डबा.

टाकी नुसती रिकामी करून वेल्डिंगला देऊ नका. आतली वाफच पेटते. कोल्हापूरला उद्यमनगरात टाक्यांचं काम करणारे आहेत, ते धुऊन, पाणी भरून मगच ज्योत लावतात. त्याच वेळी आतला गंजही काढून घ्या, नाहीतर तो इंजेक्टरपर्यंत जाईल.

पान्हा_१०_१२

टाकीच्या मुद्द्यावर सहमत. नळीचं राहिलंच. चॅसिसवरून स्टीलची लाइन, रबर फक्त दोन्ही टोकांना, कारण इंजिन हलतं. रबरावर 'एसएई जे३० आर९' छापलेलं बघून घ्या. आर७ कार्ब्युरेटरची. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं आणि आतून सोलतं. आर९ टाकीच्या आत मात्र नको, तिचं बाहेरचं आवरण बुडवून ठेवण्यासाठी नसतं. आत आर१०च.

स्टीलच्या टोकाला बोट फिरवून बघा, गोल उंचवटा हाताला लागला पाहिजे. सरळ कापलेल्या टोकावरून नळी तीन किलोला सटकते. आणि खाचा असलेल्या पेचाच्या क्लिपा नकोत, घट्ट करताना त्या खाचांमधून रबर बाहेर येतं आणि चिरतं. गुळगुळीत पट्टीच्या, कडा वळवलेल्या इंजेक्शन क्लिपा मागा. दुकानदार "एकच आहे हो" म्हणेल, ऐकू नका. लाइन सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने न्या.

वायरमन_भाऊ

पंपाची वायर थेट इग्निशनवरून घेऊ नका, ईसीयूच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) रिलेवरूनच घ्या. चावी फिरवली की दोन सेकंद पंप चालून थांबतो आणि इंजिन बंद पडलं की ईसीयू तो बंद करतो. अपघातात नळी तुटली तर पेट्रोल फवारत राहणार नाही.

कागदोपत्री

सगळं खरं, पण आरटीओ? मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ वाचा. इंजिन नंबर आणि सीसी आरसीवर असतात, लेखी परवानगी आधी लागते आणि दुसऱ्या कंपनीचं इंजिन सहजासहजी मंजूर होत नाही. विमा कंपनी क्लेमच्या वेळी पहिलं हेच बघते. मूळ इंजिन भंगारात घालू नका. ५० वर्षांवरच्या गाड्यांना जी 'व्हीए' नोंदणी मिळते, ती गाडी मूळ स्वरूपात असेल तरच. तुमच्या गाडीला ५० भरतील २०३४ला.

कुर्ल्याची_राणी

धन्यवाद मंडळी. रेलवर रेग्युलेटर आहे, म्हणजे रिटर्न आला. टाकी उतरवून खोली मोजतो, मॉड्यूल बसलं तर तेच. आरटीओत सोमवारी जातो, तोवर इंजिनाला हात नाही. मूळ इंजिन ग्रीस लावून गोठ्यात ठेवलंय, वडील विकूच देत नाहीत. एकच शंका: पहिल्यांदा चालू करताना गळती कशी तपासायची?

पान्हा_१०_१२

इंजिन चालू न करता. रेलला प्रेशर गेज लावा, पंप रिलेला जंपर देऊन (तारेने थेट जोडून) फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू फिरवा. मग पंप बंद करून गेज बघा, काटा झरझर खाली आला तर कुठेतरी सुटतंय. नळी उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून दोन-तीनदा स्टार्टर मारा, प्रेशर उतरेल. आग विझवायचं पावडरचं सिलिंडर हाताशी, बॅटरीवर ठिणगी नको, शटर उघडं.