सल्ला हवा: अलीकडचे भयपट, रक्तपात कमी असलेले

रातकिडा:
शनिवारी रात्री घरच्या टीव्हीवर बघायला भयपट सुचवा. बघणारे पाच जण. शक्यतो २०२२ नंतरचे (एखादा जुना चालेल), अडीच तासांच्या आतले, आतडी-कोथळे नकोत. विनोदी भूतपट वगळा. एकांना इंग्रजी सबटायटल झेपत नाहीत, म्हणून निदान एक मराठी किंवा हिंदी हवा. टीव्ही ४३ इंची, जोडीला साधा साउंडबार. अंधारातले प्रसंग नुसतं काळं डबकं दिसतात, त्यावरही उपाय सांगा.

पिटातला:
पहिलं नाव 'भूतकालम' (मल्याळम, २०२२). दिग्दर्शक राहुल सदाशिवन. भाड्याचं घर, आई आणि बेकार मुलगा, दोघांत धड संवाद नाही. आईला नैराश्याचा आजार, मुलगा व्यसनाकडे झुकलेला. त्यामुळे त्याला जे जाणवतंय ते खरं की डोक्यातलं, हे आजूबाजूच्यांना कळत नाही आणि आपल्यालाही नाही. पहिला तास जवळजवळ भुताविना जातो. नेमक्या याच वेळी लोक मोबाइल काढतात आणि मग 'काही घडतच नाही' म्हणतात. आई-मुलाची ती धुसफूस नीट बघितली नाहीत, तर शेवटची वीसेक मिनिटं म्हणजे नुसती दारांची उघडझाप वाटेल. आई रेवती, मुलगा शेन निगम. रक्त जवळपास नाहीच.

त्याच दिग्दर्शकाचा 'भ्रमयुगम' (२०२४), २ तास १९ मिनिटं. सतराव्या शतकातलं मलबार, सगळा सिनेमा कृष्णधवल. जीव वाचवून पळालेला एक गायक पडक्या वाड्यात आसरा मागतो. वाड्याचा धनी पोट्टी त्याच्यापुढे फाशांचा डाव मांडतो. गायकाकडे लावायला काहीच नाही, तर पोट्टी म्हणतो, तुझा वेळ लाव. हा प्रसंग चुकवू नका, पुढचा अख्खा सिनेमा त्या एका पणात आहे. पोट्टी झालेला मामुटी नुसता जेवायला बसला तरी पोटात गोळा येतो. डब लावू नका, पोट्टीचा निम्मा दरारा आवाजात आहे. मात्र पांढरी सबटायटलं कृष्णधवल चित्रात विरघळतात. ॲपच्या सबटायटल सेटिंगमध्ये अक्षरं पिवळी करा किंवा मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या.

दिवाभीत:
'भूतकालम'ला +१. पण हिंदी-मराठीचं काय?

हिंदीत 'तुंबाड' (२०१८). जुना आहे, पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा थिएटरात लागला आणि नव्या सिनेमासारखा चालला, म्हणून तुमच्या अटीत ढकलते. पावणेदोन तास. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीशी याचं नातं नावापुरतं. साखळदंडातल्या म्हातारीचा भाग नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून आलेला आहे, त्यामुळे धारप वाचलेल्यांना पहिल्या अर्ध्या तासात ओळखीचा काटा येईल. भीती कुठे ठेवलीय बघा: नायक विनायक दोरावरून लाल भगदाडात खाली उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तर हा राक्षस ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा ओढतो. चोरीची सगळी रीत दिग्दर्शक आधी शांतपणे दाखवून ठेवतो. एका बाहुलीला एक हस्तर एवढा हिशोब लक्षात ठेवा, शेवट त्यावरच फिरतो.

मराठीत 'लपाछपी' (२०१७). उसाच्या फडात दिवसाढवळ्या भीती उभी करणं सोपं नाही, ते इथे जमलंय. विषय स्त्रीभ्रूणहत्येचा आहे आणि नायिका गरोदर आहे. घरात कोणी गरोदर असेल किंवा अशा दुःखातून गेलं असेल तर लावू नका. त्याच दिग्दर्शकाने तो हिंदीत 'छोरी' (२०२१) म्हणून पुन्हा केला. दोन्ही बघायची गरज नाही. मूळ जास्त ओबडधोबड आहे आणि म्हणूनच जास्त लागतो.

'मुंज्या' (२०२४) तुमच्या अटीने बाद, कारण विनोदी. तरी एक सांगते. मुंज झालेला पण सोडमुंजीआधी मेलेला मुलगा पिंपळावर बसतो, ही कल्पना कोकणात भिजलेली आहे, आणि सुरुवातीचा जुन्या काळातला भाग खरोखर चांगला आहे. पुढे मुंज्याला भरपूर उजेडात, पुढून-मागून दाखवलाय. संगणकावर केलेलं भूत इतका वेळ समोर नाचलं की त्याचं कार्टून होतं.

पिटातला:
हिंदीत 'शैतान' (२०२४) पण आहे. मूळ गुजराती 'वश' (२०२३). वशीकरण झालेल्या मुलीचं काम दोन्हींत जानकी बोडीवालाचंच. हिंदीत शेवट मवाळ केलाय, म्हणून झेपत असेल तर गुजराती बघा. गुजराती कानाला परकी नाही, सबटायटलं न वाचताही बरंचसं कळतं. रक्त बेताचं, पण स्वतःच्या मुलीचे हाल बघणाऱ्या बापाची कोंडी सहन होईल का, ते आधी ठरवा.

इंग्रजीत 'वेपन्स' (२०२५). रात्री २ वाजून १७ मिनिटांनी एकाच वर्गातली १७ मुलं घराबाहेर पळत सुटतात. गोष्ट सहा पात्रांच्या नावांनी सहा तुकड्यांत.

दिवाभीत:
'वेपन्स' त्यांच्या अटीत कुठे बसतो? शेवटचा पाठलाग विसरलात का? शिवाय मधला एक मारहाणीचा प्रसंग तर अजिबात बघवत नाही. रक्त नको म्हणणाऱ्याला हा सांगू नये.

पिटातला:
मान्य, मागे घेतो. त्याच कारणाने 'सिनर्स' आणि 'द सब्स्टन्स'ही बाजूला. 'नोस्फेराटू' (२०२४) रक्तामुळे नाही, पण अंधारामुळे बाद. मेणबत्तीच्या उजेडातला सिनेमा ४३ इंचावर खोलीत दिवे लावून बघण्यात अर्थ नाही.

तारजोडणी:
काळ्या डबक्याचं बघू. बहुतेक घरांत चूक एकच असते: अंधार दिसत नाही म्हणून ब्राइटनेस वाढवतात. त्याने काळ्याचा राखाडी होतो, तपशील वाढत नाही. क्रमाने हे करा.

पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. पॉवर सेव्हिंग आणि खोलीच्या उजेडावर चालणारा सेन्सर बंद, कारण दिवे मालवले की तो पडदाही मंद करतो. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, नाहीतर 'तुंबाड'चा पाऊस मालिकेतला वाटेल. एवढं करूनही डबकं राहिलं तर बॅकलाइट वाढवा, ब्राइटनेसला हात लावू नका. गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती उजळ दिसतात ते ठरवणारी सेटिंग) २.२ वर ठेवा.

अंधाऱ्या भागात चौकोनी ठोकळे वळवळत असतील तर दोष टीव्हीचा नाही, कमी बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला कमी माहिती येण्याचा आहे. ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वरून सर्वात वरचा करा. एचडीला ५ एमबीपीएस इंटरनेट वेग पुरतो, फोर-केला १५ च्या आसपास लागतो. त्या वेळी घरातले इतर डाउनलोड थांबवा.

ट्यूबलाइट बंद करून टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड केलेला मंद दिवा लावा. पडद्यावर प्रतिबिंब पडत नाही आणि डोळेही कमी शिणतात.

साउंडबारचा 'नाइट मोड' बंद. तो हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो, म्हणजे दचकवण्याचा दमच काढून घेतो. संवाद कळत नसतील तर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' मोड लावा. शेजाऱ्यांची अडचण असेल तर बेस तीन-चार पायऱ्या खाली घ्या. आवाजाची पातळी सुरुवातीच्या संगीतावर ठरवू नका. पहिल्या कुजबुजीच्या प्रसंगावर ठरवा आणि रिमोट लांब ठेवा.

रातकिडा:
खूप आभार. मग 'तुंबाड' आणि 'भूतकालम' नक्की. दोन्ही शनिवारीच बघायचे तर आधी कुठला?

दिवाभीत:
एका रात्रीत दोन बघणार असाल तर 'भूतकालम' आधी. 'तुंबाड'च्या त्या लाल भगदाडानंतर रिकाम्या घरातली शांतता अळणी लागेल. नऊला सुरू केलात तर अकराच्या आत 'तुंबाड' लावता येईल. सबटायटल न झेपणाऱ्यांना तोवर जागं राहावं लागेल, ते जमणार नसेल तर शनिवारी एकटा 'तुंबाड' आणि रविवारी दुसरा.

चहासाठी थांबायचं झालं तर 'तुंबाड'मध्ये पडद्यावर १९३३ आलं की थांबा. १९४७ च्या भागात एकदा शिरलात की मध्ये उठू नका.