कसबा पेठेचे 2009 आधीचे मतदान केंद्रनिहाय आकडे कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, पुण्याच्या कसबा पेठ मतदारसंघावर एक टिपण लिहितोय, त्यासाठी मदत हवी आहे.

ढोबळ इतिहास जमला आहे. 1991 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या वसंत थोरातांनी भाजपच्या गिरीश बापटांना हरवलं. मग 1995 पासून 2014 पर्यंत सलग पाच वेळा बापटच. 2019 ला भाजपच्याच मुक्ता टिळक, त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर आणि 2024 ला भाजपचे हेमंत रासने. गंमत म्हणजे हेच धंगेकर 2009 ला मनसेकडून बापटांविरुद्ध लढले होते! म्हणून ‘2023 ला अचानक चमत्कार झाला’ हे मला काही पटत नाही.

अडलंय ते पुढे. निवडणूक आयोगाच्या अहवालात उमेदवारवार एकूण मतं मिळतात, पण कुठल्या पेठेने कोणाला साथ दिली ते कळत नाही. त्यासाठी फॉर्म 20 (मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता) लागतो. 2009 आधीचे फॉर्म 20 कोणी पाहिलेत का? शिवाय 2008 च्या पुनर्रचनेत हद्दी बदलल्या, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना कशी करता? जुन्या हद्दींचा नकाशा असल्यास कृपया टाका.