मदत हवी आहे: स्टॉलसाठी नावं अकरा, उभे राहायला दोघंच

नमस्कार मंडळी,

ओपन सोर्स प्रकल्पाचा (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा) स्टॉल ज्यांनी एखाद्या परिषदेत लावलाय, त्यांच्याकडून सल्ला हवाय. आमचा प्रकल्प लहान आहे. नेमाने कोड लिहिणारे सात-आठ, भाषांतर आणि डॉक्युमेंटेशनवाले पंधरा-वीस. पाठीशी कंपनी वगैरे नाही. मी कोड फारसा लिहीत नाही, म्हणून "तुला माणसं जमवता येतात" असं म्हणत परिषदांचं काम माझ्या गळ्यात घातलं गेलं.

मागच्या परिषदेला शीटवर अकरा नावं होती. सकाळी नऊला टेबलामागे आम्ही दोघंच. बाकीचे आले नाहीत असं नाही, आले की! फोटो काढले, स्टिकर घेतले आणि व्याख्यानं ऐकायला पांगले. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. शीटवर मी रकानाच 'इच्छुक' असा केला होता, आणि इच्छा सगळ्यांनाच होती.

अकराच्या सुमाराला डेमोचा लॅपटॉप झोपला, उठला तो पासवर्ड मागत. ज्याचा लॅपटॉप तो वरच्या मजल्यावर पहिल्या रांगेत, फोन सायलेंट. पाऊण तास आम्ही लॉक स्क्रीनपुढे हातवारे करून सॉफ्टवेअर समजावत होतो. एक गृहस्थ तर "स्क्रीनसेव्हर छान आहे" म्हणून गेले.

हे हसण्यावारी नेता आलं. पुढचं नाही. दुपारी एक नवा मुलगा मदतीला आला, भलताच उत्साही. कुणीतरी विचारलं, मोबाइल ॲप कधी? तो म्हणाला, "पुढच्या रिलीजमध्ये येईल बहुतेक." त्यातला 'बहुतेक' ऐकणाऱ्याने तिथेच टाकून दिला. सोमवारी ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी-मागण्या नोंदवायच्या पानावर, इश्यू: "तुमच्या टीमने परिषदेत कबूल केल्याप्रमाणे..." आमचे मेंटेनर, म्हणजे कोडची मुख्य जबाबदारी सांभाळणारे, भडकले, सगळ्यांसमोर मेलिंग लिस्टवर त्याची खरडपट्टी काढली. तेव्हापासून तो मुलगा गायब आहे. त्याने भाषांतराची एक फाईल निम्मी केली होती, ती तशीच पडून आहे.

आता टूम निघालीय फॉसडेमला, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांच्या मोठ्या परिषदेला, स्टॉल मागायची. जानेवारीच्या अगदी शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये शनिवार-रविवार असतं ते. प्रवेश फुकट, नोंदणीही नाही, त्यामुळे गर्दी कमी असण्याची शक्यता नाहीच. मागच्यासारखं दोघांवरच पडलं तर काय होईल, या विचारानेच पाय दुखायला लागलेत.

तर प्रश्न असे. फुकट काम करणाऱ्याला "दहाला ये, बाराला जा" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? प्रकल्पाच्या वतीने काय बोलायचं ते लिहून द्यावं का? मला पढवलेले पोपट उभे करायचे नाहीत. आणि देणग्यांचे थोडे पैसे आहेत, प्रवासखर्च कुणाला द्यायचा यावरून आत्ताच कुजबुज सुरू आहे.

प्रतिसाद: जुना_टर्मिनल

ताई, तो 'इच्छुक' रकाना आधी उडवा. तिथे तास लिहा. दिवस आठ तासांचा धरा, दोन-दोन तासांच्या चार पाळ्या, प्रत्येकीत दोघं. दोन दिवसांच्या सोळा जागा झाल्या. आठ जणांनी दोन-दोन घेतल्या की भागलं, अकरा लागतच नाहीत. वर एक जण राखीव, त्याने फोन चालू ठेवायचा एवढंच.

तोंडाचा प्रश्न असा सुटतो: पाळ्या लावण्याआधी प्रत्येकाला विचारायचं, कोणतं व्याख्यान अजिबात चुकवायचं नाही? ते सोडून बाकी तास वाटायचे. माणूस व्याख्यानासाठीच आलेला असतो हो, ते धरून चाललं की तो पाळीवर येतो. पाळ्या पंधरा मिनिटं एकमेकींवर चढवा, म्हणजे येणाऱ्याला जाणाऱ्याचं बोलणं कानावर पडतं. तेवढं प्रशिक्षण पुष्कळ. आणि सामान लावणं-आवरणं या वेगळ्या पाळ्या करा, नाहीतर संध्याकाळी बॅनर गुंडाळायला तुम्हीच.

डेमोसाठी वेगळं खातं काढा, पासवर्ड टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवा. सगळं इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. परिषदेच्या वायफायवर विसंबलात तर संपलंच. ग्नोम आणि फेडोरा या ओपन सोर्स प्रकल्पांची 'इव्हेंट बॉक्स' नावाची पेटी असायची, बॅनरपासून डेमोच्या यंत्रापर्यंत सगळं एकत्र, एका कार्यक्रमाहून दुसऱ्याला जाणारी. तुम्हाला एक बॅग पुरेल. झाकणावर यादी चिकटवा आणि बॅग आत्ता कुणाकडे आहे हे शीटवर ठेवा.

प्रतिसाद: पासपोर्ट_शोधतोय

बेल्जियमला जायला शेंगेन व्हिसा लागणारं कुणी असेल तर घाई करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण त्या पंधरा दिवसांवर कुणी विसंबू नये, अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच जीव जातो.

पैशांचं म्हणाल तर डेबियन या ओपन सोर्स प्रकल्पात प्रवासखर्चाला प्रकल्पप्रमुखाची मंजुरी आधी घ्यावी लागते, मागाहून बिलं दाखवून चालत नाही. तेवढं उचला. कुणाला किती मंजूर झाले ते सगळ्यांना दिसेल असं ठेवा. कुजबुज रकमेवरून कमी होते, लपवल्यावरून जास्त. माझं मत विचाराल तर आधी पाळ्या घेतलेल्यांना द्या, कोड किती लिहिला ते बघू नका.

प्रतिसाद: मर्ज_कॉन्फ्लिक्ट

मी खरडपट्टी काढणाऱ्यांपैकी. दुसऱ्या एका प्रकल्पाचा मेंटेनर आहे आणि असंच एकदा केलंय, म्हणून लिहितोय.

चूक त्या मुलाची नव्हती. पहिल्याच दिवशी त्याला एकट्याने उत्तरं द्यायला लावलीत. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०११ मध्ये रेप्स हा स्वयंसेवक प्रतिनिधींचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा प्रत्येक रेपला एक मेंटर दिलेला असे. तुमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, पण नव्याच्या जोडीला जुना एवढं तर जमेल? लिहून फक्त एक द्या: रिलीजची तारीख आणि पुढचे फीचर, यावर स्टॉलवर कुणीच बोलायचं नाही, मेंटेनर स्वतः उभा असला तरी. टेबलावर एक वही ठेवा. "मला नक्की माहीत नाही, इथे लिहा, आम्ही कळवतो" म्हणून पेन पुढे करायचं. आमच्या वहीतले निम्मे प्रश्न इन्स्टॉलेशनच्या एकाच पानाबद्दल निघाले, ते पान आम्ही शेवटी नव्याने लिहिलं.

आणि त्या मुलाला मेल करा. तुम्ही नको, मेंटेनरने करायचा. लिस्टवर झापलं ना, मग माफीही लिस्टवरच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शीट नवी केली, सोळापैकी नऊ जागा भरल्या. शनिवार सकाळ कुणालाच नकोय, ती मीच घेतली.

मेंटेनरना हा धागा पाठवला. दोन तास उत्तर नव्हतं, मग "बघतो" एवढंच आलं. अजून लिस्टवर काही नाही. फाईल तशीच ठेवलीय, दुसऱ्या कुणाला दिलेली नाही.

जुना_टर्मिनल, गुंडाळायची स्टँडी विमानात हातात नेऊ देतात का हो, की सामानातच टाकावी लागते?