स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार, बदलायचाय, 1500 च्या आत काय घ्यावं?

रंकाळा_रिफ: स्ट्रॅटची कॉपी, सहा स्क्रूवाला ट्रेमोलो (आर्म म्हणजे दांडी दाबून सूर हलवायचा ब्रिज). सॅडलचे (प्रत्येक तारेखालचा छोटा आधार) ग्रब स्क्रू, म्हणजे उंची ठरवणारे बिनडोक्याचे स्क्रू, पावसाळ्यात गंजून बसलेत, ॲलन की (षटकोनी चावी) नुसती गरागरा फिरते. आर्म कधी लावत नाही. 1500 च्या वर एक रुपया नाही.

तारसप्तक: भावा, 1500 त नाद करू नको. गोटोह कंपनीचा ब्रिज घे, स्टील ब्लॉकवाला (ब्लॉक म्हणजे ब्रिजखालचा, बॉडीच्या आतला धातूचा ठोकळा). थोडे पैसे साठव.

कप्पी: आधी माप घ्या. ब्रिज बॉडीला धरणाऱ्या सहा स्क्रूंपैकी पहिल्याच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत. कॉप्यांत बहुधा 52.5 मिमी, विंटेज मापात 56 च्या आसपास. चुकलं की भोकं बुजवत बसा. पातळ बॉडीत लांब ब्लॉक मागून बाहेर डोकावतो, तेही बघा.

उद्यमनगरी: ब्लॉक पितळेचाच पाहिजे. उद्यमनगरात मिलिंगवाल्याला नमुना दिला की झालं. सस्टेन, म्हणजे सूर टिकणं, लय वाढतो.

तारसप्तक: पितळेनं आवाज बोथट होतो. स्टील.

उद्यमनगरी: आणि स्टील गंजतंय त्याचं काय? प्रश्नच गंजाचा हाय.

झटका_मिसळ: फ्लॉइड रोज (तारा लॉक करणारा ट्रेमोलो) टाका, विषय संपला.

कप्पी: त्याला बॉडी कोरावी लागते हो. रिफ, तुमची की कितीची? 0.05 इंची म्हणजे 1.27 मिमी. कॉपीत भोक सहसा 1.5 चं, मग ती फिरणारच. 1.5 ची लावून बघा, आधी रात्रभर डब्ल्यूडी-40 चा थेंब सोडा.

तारसप्तक: तरी गोटोहच.

रंकाळा_रिफ: की 1.27 चीच निघाली! 1.5 नं दहा सुटले, उरलेले दोन ड्रिल मारून काढले. ब्रिज घेत नाही. एम 3 (3 मिमी जाडीचे) स्टेनलेस ग्रब स्क्रू बारा आणले, कडेच्या तारांना 8 मिमी, मधल्यांना 10. सगळीकडे 10 घातले तर तळहाताला टोचतात. आर्म लागत नाही, म्हणून ब्रिज हलूच नये अशी पाच स्प्रिंगा लावून प्लेट बॉडीला टेकवली, ब्लॉक आणि पट्ट्याच्या बटणाकडची भिंत यांच्यामध्ये सागवानी पाचर.

कप्पी: तारांची उंची सतराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची पट्टी) 1.6 मिमी ठेवा. मग इंटोनेशन (सगळीकडे सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल मागंपुढं करणं), तेही नव्या तारांवर. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) चढा असेल तर सॅडल मागं, उतरता असेल तर पुढं. मागं ओढताना तार आधी सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात.

उद्यमनगरी: पाचर पितळेची बसवायची होती.